गोधडीखाली नाव कुणाचं?



मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या गटाकडे एका मोठ्या संस्थेचं पत्र आलं. गोधड्यांचं प्रदर्शन भरवायचं आहे, तुमच्या बायकांच्या वीस-पंचवीस गोधड्या द्या. पत्रापाठोपाठ दोघे जण येऊन बसले आणि त्यांनी भिंतीवर अमेरिकेतल्या क्विल्टची चित्रं दाखवली. वर तुकड्या-तुकड्यांचा थर, मध्ये कापूस, खाली अस्तर, आणि तिन्ही थर टाक्यांनी बांधलेले. सुंदर होती, खोटं कशाला बोलू! आमच्यातल्या एकीने विचारलं, "ताई, खाली माझं नाव राहणार ना?" पाहुणे हसले. म्हणाले, या कलेत व्यक्ती महत्त्वाची नसते, गोधडीच गोष्ट सांगते, अमेरिकेतसुद्धा असंच आहे. मोबदल्याचं विचारलं तर उत्तर मिळालं, परंपरेची किंमत कशी करणार?

मी त्या दिवशी गप्प बसले. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत देणगीदारांसमोर गप्प कसं बसावं हे फार चांगलं अंगवळणी पडतं. पण अमेरिकेचा दाखला त्यांनी दिलाच आहे, तर अमेरिकेची गोष्ट पुरती सांगितली पाहिजे.

हॅरिएट पॉवर्स ही जॉर्जिया राज्यातली काळी स्त्री. १८३७ साली गुलामगिरीत जन्मली. तिने बायबलमधल्या कथांचा एक क्विल्ट केला. कापडाची माणसं, जनावरं, सूर्य, चांदण्या कापून शिवलेल्या, अकरा चौकटी. १८८६ साली तिथल्या अथेन्स गावच्या कापसाच्या जत्रेत तो मांडला होता. जेनी स्मिथ नावाच्या गोऱ्या चित्रकला-शिक्षिकेला तो हवा होता, पण पॉवर्सने विकायला साफ नकार दिला. चार-पाच वर्षांनी घरची परिस्थिती बिघडली, तेव्हा ती स्वतःच बैलगाडीतून तो घेऊन आली. पिठाच्या स्वच्छ पिशवीत गुंडाळलेला, वरून गोणपाट. दहा डॉलर मागितले. हातात पडले पाच. देण्यापूर्वी तिने एकेक चौकट समजावून सांगितली, स्मिथने ते लिहून घेतलं. पुढे ती आपला क्विल्ट बघायला अनेकदा त्या घरी जात असे.

गोधडी स्वतः बोलते म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. ती बाई पाच डॉलर घेतानाही उभी राहून आपल्या कामाचा अर्थ सांगत होती. दुसरा, पंधरा चौकटींचा क्विल्ट आज बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. त्यात बायबलच्या जोडीला १८३३ सालचा उल्कांचा वर्षाव आहे, तोही तिच्या जन्माच्या चार वर्षं आधीचा! लोकांच्या तोंडून ऐकलेला इतिहास तिने कापडावर नोंदवून ठेवला. अशा बाईला वर्षानुवर्षं 'निरक्षर' म्हटलं गेलं. २००९ साली तिच्या एका पत्राची नक्कल उजेडात आली, तेव्हा कळलं की तिला लिहिता-वाचता येत होतं. म्हणजे तिने एवढं बोलून ठेवलं होतं, पण तिला मुकी समजण्यात सगळ्यांची सोय होती.

पहिला क्विल्ट आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याच संस्थेने एका कंपनीला तिच्या आणि आणखी काही जुन्या क्विल्टच्या नकला चीनमध्ये करवून घेऊन विकायची परवानगी दिली. १९९२ साली क्विल्ट करणाऱ्या अमेरिकन स्त्रियांनी त्याविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये निदर्शनं केली. रास्तच केलं. पण मला विचारायचं आहे, त्या नकलांवर टाके घालणाऱ्या चिनी बायकांची नावं कुठे लिहिलेली आहेत?

आता संग्रहालयांविषयी. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात क्विल्टचं मोठं प्रदर्शन झालं. बिछान्यावरचं कापड पहिल्यांदाच चित्रासारखं भिंतीवर टांगलं, म्हणून त्याचं आजही कौतुक होतं. निवड कशी केली? जे आधुनिक पुरुष चित्रकारांच्या चित्रांसारखे दिसतात ते घेतले, फुलं-पानं शिवलेले बाजूला. म्हणजे बाईचं काम कला कधी ठरणार, तर ते पुरुषाच्या कामासारखं दिसलं तर! पॅट्रिशिया मेनार्डी या स्त्रीवादी लेखिकेने १९७३ साली यावर लेख लिहून खरपूस समाचार घेतला. तिने दाखवून दिलं की क्विल्टवर सही आणि साल टाकणाऱ्या बायका कितीतरी होत्या. त्या अनामिक नव्हत्याच, त्यांना अनामिक केलं गेलं.

आणि एक गोड गोष्ट आपल्याकडच्या शिबिरांतूनही फिरते: पळून जाणाऱ्या गुलामांना वाट दाखवायला क्विल्टच्या नक्षीत गुप्त खुणा असत म्हणे. १९९९ साली आलेल्या एका पुस्तकाने ती लोकप्रिय केली. त्या काळातला पुरावा काही सापडत नाही, असं इतिहासकार सांगतात. मीही ती दोनदा सांगितली आहे, आता सांगत नाही. पॉवर्सचे शब्द लिहिलेले पडले असताना आपल्याला गुपितांचाच का मोह पडावा?

इथवर माझा राग बाहेरच्यांवर होता. आता थोडा आपल्या चळवळीवर. शिवणक्लास म्हटलं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. "बायकांच्या हातात पुन्हा सुईच का?" असं मीही तावातावाने विचारलेलं आहे. प्रश्न चुकीचा नाही. पण अलाबामा राज्यातल्या जीज बेंडची हकिकत वाचल्यावर तो अर्धवट वाटायला लागला.

नदीच्या वळणात अडकलेलं हे काळ्यांचं गाव. एका मळ्याचे गुलाम स्वतंत्र झाले आणि तिथेच खंडाने शेती करत राहिले. मळामालकाचं पेटवे हे आडनाव आजही गावात घरोघरी आहे. १९३२ साली उधारी देणाऱ्या व्यापाऱ्याच्या वारसांनी वसुलीसाठी गावातली जनावरं, अवजारं, धान्य ओढून नेलं. अशा घरांत कामाच्या फाटक्या कपड्यांचे क्विल्ट होत, थंडीने मरू नये म्हणून. १९४२ साली मिझूरी पेटवेचा नवरा वारला. तिने त्याचे शेतातले कपडे उसवले, मुलीला मदतीला घेतलं आणि त्यांचा क्विल्ट केला, त्याची आठवण राहावी आणि अंगावर घ्यायलाही व्हावा म्हणून. विटलेली निळी, करडी पट्टी, गुडघ्याचे डाग तसेच. याला छंद म्हणायची कुणाची हिंमत आहे?

पण त्याच गावच्या लॉरेटा पेटवेने उघड सांगितलं आहे की तिला शिवणं कधी आवडलंच नाही. लेकरांना पांघरूण हवं होतं आणि दुसरं कुणी देणारं नव्हतं. आज तिचे क्विल्ट संग्रहालयांत आहेत. तिचं हे म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. बाईच्या बोटांत उपजत माया असते, असं म्हणणाऱ्या प्रत्येक भाषणावर ते उत्तर आहे.

या बाया मताच्या हक्कासाठीही लढल्या. मतदार म्हणून नाव नोंदवलं की नोकरी जायची, खोपटं सोडावं लागायचं. तालुक्याच्या गावी न्यायालयात जायची होडी १९६२ साली बंद झाली, ती २००६ सालीच पुन्हा सुरू झाली. चव्वेचाळीस वर्षं! नदीपलीकडे दिसणाऱ्या गावाला जायला लांबचा वळसा. अशा दिवसांत, १९६६ साली, परिसरातल्या काळ्या स्त्रियांनी फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था काढली. शिवून मिळवलेल्या पैशातून जमीन घेतली आणि बेघर केलेल्या कुटुंबांना त्यातले तुकडे विकत दिले. सुई त्यांच्या हातात आधीही होती. फरक पडला तो हिशेबाची वही त्यांच्या हातात आल्यावर.

सगळं गोड झालं असं नाही. मोठ्या दुकानांना एकसारखा माल हवा होता, तेव्हा मनाने जुळवलेली नक्षी मागे पडली आणि ठरीव नमुना आला. १९७२ पासून सीअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवले. कंटाळवाणं काम. पण उरलेले तुकडे बायकांनी घरी नेले आणि त्यांतून जे क्विल्ट केले, ते आज त्या गावचे सर्वांत देखण्यांपैकी गणले जातात. संस्था २०१२ साली बंद पडली. त्याआधी, २००२ साली, गावचे क्विल्ट त्याच व्हिटनी संग्रहालयात लागले, या वेळी करणारीच्या नावासकट. २००६ साली टपाल तिकिटं निघाली. आणि २००७ साली गावातल्याच काही बायकांनी पैसे आणि हक्क यांवरून दावे लावले, ते पुढच्या वर्षी तडजोडीने मिटले. नाव मिळालं म्हणून हिशेब आपोआप मिळत नाही, हेही त्यांच्याकडूनच शिकावं.

नावाची ताकद काय असते ते मात्र दुसऱ्या एका क्विल्टने दाखवलं. १९८७ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनच्या मैदानावर एड्सने गेलेल्यांचा क्विल्ट अंथरला गेला. प्रत्येकासाठी तीन फूट बाय सहा फूट, थडग्याएवढा तुकडा. पहिल्या दिवशी १,९२० तुकडे होते, आज सुमारे ५०,००० आहेत. सरकार ज्यांचा उल्लेख टाळत होतं, त्यांची नावं कापडावर शिवली आणि मोठ्याने वाचली. बदनामीच्या भीतीने कुठे नुसतं पहिलंच नाव. तरी नाव!

२०२४ साली वारलेली चित्रकर्ती फेथ रिंगगोल्ड तर क्विल्टवर अक्षरशः गोष्ट लिहीत असे. तिचं आत्मचरित्र छापायला कुणी तयार नव्हतं, म्हणून तिने कापडावर मजकूर लिहिला. पहिला क्विल्ट १९८० साली आई विली पोझीसोबत केला. आई कपडे बेतणारी, शिवणारी. १९८३ च्या क्विल्टमध्ये तिने पिठाच्या खोक्यावरची हसरी काळी मोलकरीण, आंट जमायमा, हिला धंदा चालवणारी बाई केलं. गोष्ट सांगणं म्हणजे हे. संग्रहालयवाल्यांनी कौतुकाने मान डोलावणं नव्हे.

आमच्याकडे आलेल्या त्या पाहुण्यांना मी अखेर उत्तर धाडलं. प्रत्येक गोधडीखाली करणारीचं नाव, गाव आणि साल. किती दिवस लागले ते. प्रदर्शनात ठेवण्याचा मोबदला, आणि छायाचित्र छापलं तर त्याचा वेगळा. विकायची की नाही ते ती ठरवणार. नाव विचारणाऱ्या बाईंना पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, नाव नुसतं नको ताई, माझं माहेरचं लिहा, गोधडी मी तिथे शिकले. तेवढी ओळ वाढवली. ते नाव मी इथे छापत नाही, आधी ते गोधडीखाली यायला हवं.

पत्राला अजून उत्तर आलेलं नाही. गोधड्या गटाच्या ट्रंकेत आहेत.