बहारीन चालतं, मग आगत्ती का नाही?

गेल्या सत्रात आमच्या होस्टेलच्या एका माजी विद्यार्थ्याची बातमी आली. एअरपोर्ट्‌स अथॉरिटीत, म्हणजे एएआयमध्ये, एअर ट्रॅफिक कंट्रोलर म्हणून निवड, ट्रेनिंग पूर्ण, आणि पोस्टिंग लक्षद्वीपमधल्या आगत्ती बेटावर. पहिल्या दोन गोष्टींना टाळ्या पडल्या. तिसरी ऐकल्यावर मात्र कट्ट्यावर एकेकाची मल्लिनाथी सुरू झाली. "कोणाशी तरी वाकडं घेतलं असणार." "काळं पाणी रे!" "राजीनामा दे आणि पुण्याला ये म्हणावं." त्याच्या आईने म्हणे एवढंच विचारलं, "थंय माशे तरी गावतत काय?" मला विचाराल तर सगळ्यांत मुद्द्याचा प्रश्न त्या माउलीचाच. (गावतत. तिथला मुख्य धंदाच टुनाचा, म्हणजे आपल्या कुप्याचा.)

आता मला एक सांगा. आपल्या जिल्ह्यातला मुलगा बहारीनला नोकरीला निघाला की आपण काय करतो? पेढे वाटतो. सिंगापूरला निघाला तर वाडीत बॅनर लागायचा बाकी राहतो. बहारीन हे बेट आहे. सिंगापूर हेही बेटच. तिथे जाणाऱ्याला कोणी माशांबद्दल विचारत नाही आणि काळं पाणीही म्हणत नाही. म्हणजे आपलं वाकडं बेटाशी नाही. आपलं वाकडं आहे ते लहान जागेशी, आणि तेसुद्धा आपल्याच देशातल्या. कोकणी माणूस घर सोडायला कधीच भ्यायला नाही. गिरणीत गेला, बोटीवर गेला, आखातात गेला. पण तो नेहमी लहान गावातून मोठ्या ठिकाणी गेला. एका लहान जागेतून दुसऱ्या लहान जागेत जायचं ही कल्पनाच आपल्याला पचत नाही.

आगत्ती लहान आहे हे मी नाकारत नाही. लांबी जेमतेम साडेसात किलोमीटर, रुंदी बहुतेक ठिकाणी एक किलोमीटरच्या आत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ७,५६६. कोचीहून हवाई अंतर सुमारे ४६० किलोमीटर. बाहेरच्या माणसाला लक्षद्वीपला जायला परवाना लागतो. भाषा मल्याळमच्या वळणाची. दारूबंदी आहे (काही जणांचा उत्साह इथेच मावळेल, तो मावळू दे). पावसाळ्यात बोट आणि विमान दोन्हींचं वेळापत्रक वाऱ्याच्या मर्जीवर. इंटरनेट पूर्वी उपग्रहावरून रडतखडत चालायचं. कोचीहून समुद्राखालून टाकलेल्या ऑप्टिकल फायबरचं उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झालं. आणि समुद्राची भीती म्हणाल तर ती खरी आहे. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावर जवान आणि कुटुंबीय मिळून शंभराहून अधिक माणसं गेली. पण मे २०२१ मधलं तौक्ते आठवा. ते आधी लक्षद्वीपजवळून गेलं आणि दोन दिवसांत आपल्या मालवण-देवगडवर येऊन कौलं उडवून गेलं. समुद्र एकच आहे, हो!

आता कामाबद्दल. "दिवसाला दोन विमानं, बाकी वेळ नारळ मोजायचे" असा एक विनोद फिरतो आहे. हा विनोद करणाऱ्याने धावपट्टीची लांबी पाहावी. परुळ्याच्या आपल्या चिपी विमानतळाची धावपट्टी २,५०० मीटर. आगत्तीची १,२०४ मीटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी, आणि तिन्ही बाजूंना पाणी. तिथे एटीआरसारखं पंख्याचं विमान उतरतं. एवढ्याशा पट्टीवर वारा कुठल्या दिशेने, किती नॉट्सने येतोय, पट्टी ओली आहे का, मध्येच पाखरं बसलीत का, हे टॉवरमधून पायलटला अचूक कळावं लागतं. विमान तिथून परत फिरलं तर समोर मोकळा समुद्र आणि पुढचा मोठा विमानतळ थेट मुख्य भूमीवर. मुंबईच्या टॉवरने डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात हजारावर विमानं हाताळली, हे कर्तृत्व मोठंच. पण तिथे एक माणूस चुकला तर सावरायला शेजारी बरेच जण असतात. लहान टॉवरमध्ये शेजारी कोण, हा प्रश्नच आहे.

तरीही एक आक्षेप मी मान्य करतो. कंट्रोलरचं रेटिंग त्या-त्या स्टेशनपुरतं असतं. बदली झाली की नव्या जागी पुन्हा शिकून, परीक्षा देऊन ते मिळवावं लागतं. रडारवर गर्दीची वाहतूक सांभाळायची असेल तर ते बेटावर शिकता येणार नाही. म्हणून कोणी तिथे आयुष्य काढावं असं मी म्हणणार नाही. तीन वर्षं काढावीत. नाहीतरी एएआयच्या भरतीत ट्रेनिंगनंतर तीन वर्षं नोकरी करण्याचा बाँड लिहून घेतातच.

इथे कोणी म्हणेल, "म्हणजे आमच्याकडच्या बाँडवाल्या डॉक्टरसारखंच की!" अगदी बरोबर, आणि मला याच मुद्द्यावर यायचं होतं.

आपण जिथे राहतो ते ओरोस कसलं गाव आहे? १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि नंतर माळावर कचेऱ्या उभ्या करून हे मुख्यालय वसवलं. हे पोस्टिंगचंच गाव. सायंकाळी सहानंतर इथला रस्ता पाहिलात तर आगत्ती फार वेगळं नसावं असं वाटतं. इथे येणारा प्रत्येक बाहेरचा माणूस पहिल्या दिवसापासून परतीच्या बदलीचा अर्ज खिशात घेऊन फिरतो, अशी आपली तक्रार. आमच्या गावच्या दवाखान्यात तीन वर्षांत चार डॉक्टर आले आणि मधले सहा महिने खुर्ची रिकामीच होती. माझ्या आजीला रात्री साडेअकराला गाडी करून बांबोळीला न्यावं लागलं ते त्याच सहा महिन्यांत. आगत्तीच्या पेशंटला असंच हेलिकॉप्टरने किंवा विमानाने कवरत्ती नाहीतर कोची गाठावी लागते. आणि ते विमान उतरायला टॉवरमध्ये माणूस लागतो.

त्या चार डॉक्टरांवर माझा राग नाही. ते गेले, ठीक आहे. असताना त्यांनी काम केलं. राग आहे तो रिकाम्या खुर्चीचा. मग आमच्याकडे यायला नाही म्हणणाऱ्या एमबीबीएसवाल्याला शिव्या घालणारा आमच्याच होस्टेलचा मुलगा आगत्तीचं नाव ऐकून राजीनाम्याचा सल्ला कसा काय देतो, हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

एएआयकडूनही अपेक्षा आहेत. पाठवताना परतीची तारीख कागदावर द्या. "बघू" या शब्दावर माणूस बेटावर राहत नाही. ओरोसलाही राहत नाही. कुटुंबासाठी क्वार्टर, आणि घरी कोणी आजारी पडलं तर विमानात जागा मिळायची खात्री, एवढं झालं तरी निम्मी कुरकुर थांबेल. आणि लक्षद्वीपच्या मुलामुलींना या परीक्षेसाठी तयार करायला हवं, जसं आपल्या मुलांनी इथल्या कचेऱ्यांत यावं असं आपण म्हणतो तसंच.

आमच्या स्टाफलाही एक विनंती. प्लेसमेंटच्या बोर्डावर पुण्याच्या आयटी कंपन्यांच्या पलीकडेही काहीतरी लागू द्या. या पदासाठी २०२३ मध्ये ४९६ आणि २०२५ मध्ये ३०९ जागा निघाल्या होत्या. आपल्यातल्या किती जणांना पत्ता होता? कुठल्याही ब्रँचचा इंजिनिअर चालतो, फक्त कुठल्यातरी सेमिस्टरला फिजिक्स आणि मॅथ्स हवं. वयोमर्यादा सर्वसाधारण गटाला २७. लेखी परीक्षेनंतर व्हॉइस टेस्ट असते, इंग्रजी स्पष्ट बोलावं लागतं. आपल्या मालवणी हेलाची काळजी करणाऱ्यांनी आतापासून रोज मोठ्याने वाचायला सुरुवात करावी, रूम पार्टनर चिडला तरी. मी तिसऱ्या सेमिस्टरच्या मार्कशीटची झेरॉक्स काढून ठेवली आहे. घरी अजून सांगितलेलं नाही. हा अंक दिवाळीत घरी जाईल, तेव्हा बाबा वाचतीलच.