मोहफूल आपलं, मग भाव त्याचा काहून?



पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन मोहाखाली कोण जातं? आपल्या बाया-पोरं. अंगणात पसरून वाळवतं कोण? आपणच. मग काटा दुसऱ्याच्या हातात काहून? घरात तेल-मीठ नाही म्हणून अर्धओलं फूल दारातच द्यायचं, आणि पावसाळ्यात दाणा सरला की तेच फूल त्याच दुकानातून चढ्या भावानं आणायचं. साहेब लोक याला बाजार म्हणतात. आम्ही लूट म्हणतो.

2006 च्या वनहक्क कायद्यानं मोह, तेंदू, बांबू या गौण वनोपजावर आपली मालकी मानली. 2012 च्या सुधारित नियमांत तर साफ लिहिलं आहे: विकणं, साठवणं, प्रक्रिया करणं, जंगलाबाहेर नेणं, सगळं एकट्यानं किंवा मिळून करता येतं, वाहतूक पास ग्रामसभेची समिती देते. पण कागद मिळाला म्हणजे हक्क मिळाला असं समजू नका. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये 1809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूच्या पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला 27 एप्रिल 2011 उजाडला. तेही गावानं भांडण सोडलं नाही म्हणून.

केंद्रानं 2020 मध्ये वाळल्या मोहफुलाचा हमीभाव किलोला 17 वरून 30 रुपये केला. ठीक. पण खरेदी केंद्रच जवळ नसेल तर ते 30 रुपये कोणाच्या पदरात पडतात?

आंध्रात अरकूच्या डोंगरात आदिवासी शेतकरी मोठ्या झाडांच्या सावलीत थोडीथोडी कॉफी पिकवतात. फळ तसंच न देता साल काढून, धुऊन, उन्हात वाळवून विकलं तर जास्त पैसा येतो, हे त्यांनी पाहिलं. त्या कॉफीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्याला तर काही लावायचंही नाही. मोह आपल्या आज्यांनी राखून ठेवला आहे.

एक बोल आपल्यालाही. फूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळू नका. त्यात मोहाची रोपं मरतात, आणि आग जंगलात शिरली की केस आपल्यावरच. पाला झाडून काढा, जाळी किंवा जुनी लुगडी अंथरा. फूल मुठीत दाबून चिकटत नाही तोवर वाळवा.

होळीआधी ग्रामसभा घ्या. ठराव लिहा: ओलं फूल कोणी विकणार नाही, गावचा साठा एका कोठीत, काटा ग्रामसभेचा. आणि ज्या घरात मीठ नाही त्या घराला ग्रामकोषातून आधीच उचल द्या, नाही तर ते घर व्यापाऱ्याच्या दारी जाणारच.