फीत कापून झाल्यावर

दिवाळी अंकासाठी जाहिराती गोळा करत फिरलं की गावाचा आर्थिक अंदाज आपोआप येतो. कोणत्या पतसंस्थेने पूर्ण पानावरून अर्ध्या पानावर उडी घेतली, कोणाचं दुकान मुलाच्या नावावर झालं, कोणाला येत्या निवडणुकीत उभं राहायचंय, हे संपादकाला इतरांच्या आधी कळतं. यंदा आमच्याकडे आलेल्या जाहिरातींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पांढरीशुभ्र रुग्णवाहिका, बॉनेटवर झेंडूचा हार, समोर ताणलेली फीत, कात्री धरलेला हात आणि खाली ‘लोकार्पण सोहळा’. पतसंस्थेची गाडी, मंडळाची गाडी, माजी नगरसेवकाने वडिलांच्या स्मरणार्थ दिलेली गाडी. दात्यांचे, पाहुण्यांचे, पाहुण्यांच्या पाहुण्यांचे फोटो आहेत. चालकाचा फोटो एकाही जाहिरातीत नाही.

गेलं वर्षभर आमच्या गावात, आणि आमच्यासारख्या अनेक तालुक्याच्या गावांत, जो वाद रंगला आहे त्याचं मूळ या न छापलेल्या फोटोत आहे. नगरपरिषदेने रुग्णवाहिका स्वतः चालवावी, एजन्सीला ठेका द्यावा, की एखाद्या ट्रस्टच्या गळ्यात ती घालून मोकळं व्हावं? चहाच्या टपरीपासून पालिकेच्या कचेरीपर्यंत सगळीकडे याच तीन पर्यायांचा कीस पाडला जातो. दरम्यान एक गाडी टायर नाहीत म्हणून पालिकेच्या आवारात उभी आहे. दुसरीचा चालक दिवसा शाळेची बस चालवतो. तिसरी विम्याची मुदत संपली म्हणून बाहेर काढत नाहीत. गाड्या कमी आहेत असं कोणी म्हणू शकणार नाही.

‘एकशे आठ आहे ना!’ हे उत्तर ठरलेलं. आहे, आणि त्याचा अभिमानही आहे. 2014 पासून राज्यभर ही सेवा चालते. सुरुवातीच्या 937 गाड्यांपैकी 233 प्रगत जीवरक्षक आणि 704 मूलभूत जीवरक्षक होत्या, आणि गाडीत डॉक्टर असणं हे महाराष्ट्राचं वैशिष्ट्य. अपघातात सापडलेल्या कितीतरी जणांना तिने हात दिला आहे. पण 2011 च्या जनगणनेतली सव्वाअकरा कोटींच्या आसपासची लोकसंख्या या 937 गाड्यांना वाटली तर एका गाडीमागे सुमारे एक लाख वीस हजार माणसं येतात. तीही सरासरी. ग्रामीण रुग्णालयातून पेशंट सिव्हिलला ‘रेफर’ झाला की तालुक्यातली गाडी त्याला घेऊन जाते आणि जायला-यायला, तिथे खाट मिळेपर्यंत थांबायला तीन-चार तास सहज मोडतात. त्या वेळात दुसऱ्या कोणाच्या छातीत दुखू लागलं, तर फोनवर ऐकू येणारं वाक्य गावात सगळ्यांना पाठ आहे: गाडी सिव्हिलला गेली आहे. 102 ची गाडी गरोदर बाया आणि तान्ह्या बाळांसाठी, जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातली. ते कामही मोठंच आहे, पण रात्री दोनला कोसळलेल्या गृहस्थासाठी ती नाही. उरतात रुग्णालयाच्या फाटकाबाहेर उभ्या असणाऱ्या खासगी गाड्या. त्यांना नावं ठेवायची आपल्याला सवय झाली आहे. खरं तर परिवहन प्राधिकरण त्यांचे दर ठरवून देतं आणि 2020 मध्ये कोविडच्या काळात सरकारला याच गाड्या अधिग्रहित करायची वेळ आली होती. पहाटे तीनला येतो तो बहुतेक वेळा हाच खासगी गाडीवाला. त्याचं मीटर चालू असतं, एवढाच त्याचा गुन्हा.

मग आपण काय करतो? आणखी एक गाडी आणतो. कारण गाडी आणणं सोपं आहे. खासदार निधी दरवर्षी पाच कोटी असतो आणि त्यातून टिकाऊ मालमत्ता उभी करायची असते. रुग्णवाहिका घेता येते, चालकाचा पगार देता येत नाही, कारण तो आवर्ती खर्च. कंपन्यांचा सामाजिक निधी, मंडळांची वर्गणी आणि परदेशातल्या पुतण्याने पाठवलेली रक्कम यांना असा नियम लागू नाही, पण मन तसंच आहे. गाडीवर नाव रंगवता येतं. दरमहा एक तारखेला कुणाच्या तरी खात्यात जमा होणाऱ्या पगारावर ते कुठे रंगवणार? डिझेलच्या पावतीचं लोकार्पण होत नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर भरून आणला म्हणून कोणी हार घालत नाही.

रुग्णवाहिका म्हणजे आधी माणसं आणि मग गाडी. साधा हिशेब मांडून बघा. आठवड्याचे तास 168. एका चालकाकडून आठवड्यात 48 तास काम घ्यायचं, असं धरू. म्हणजे एक गाडी रात्रंदिवस तयार ठेवायला साडेतीन चालक लागतात. रजा, आजारपण, घरचं लग्न धरून चार. मागे पेशंटजवळ बसणारा प्रशिक्षित मदतनीस नसेल तर ती गाडी नुसतीच टॅक्सी, म्हणून तेही चार. आठ जणांना महिना सरासरी वीस हजार धरले, आणि हे काही मोठं वेतन नव्हे, तर वर्षाला एकोणीस लाख वीस हजार झाले. डिझेल, टायर, विमा, पासिंग, ऑक्सिजन, औषधं आणि अचानक निघणारी कामं धरून तीस लाखांची तरतूद ठेवू. दहा हजार मालमत्तांच्या गावात हा बोजा घरटी वर्षाला तीनशे रुपये पडतो, महिन्याला पंचवीस. मोबाईलच्या रिचार्जच्या तुलनेत तो किती, हे वाचकांनीच पाहावं. हे आकडे आमच्या अंदाजाचे आहेत. मुख्याधिकाऱ्यांनी ते खोडून नवे मांडले तर आम्हांला आनंदच होईल, निदान आकड्यांवर चर्चा सुरू होईल.

इथे हमखास येणारा आक्षेप म्हणजे नवा कर नको. जरूर नको. पण आपल्या घरपट्टीच्या बिलावर अग्निशमनाचा कर असतो, वृक्षकर असतो, शिक्षण आणि रोजगार हमीचे उपकर असतात. यंदा गावात आगी किती लागल्या, बंब फायद्यात आहे की तोट्यात, असं कोणी विचारत नाही. बंब हवा आणि त्याच्यावर माणसं रात्रभर जागी हवीत, हे गावाने कधीचंच मान्य केलं आहे. रुग्णवाहिकेला मात्र आपण दरवर्षी नव्याने जन्म घ्यायला लावतो. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा अठरा विषयांची यादी आहे. अग्निशमन सेवा त्यात नावानिशी आहे. स्मशानं आहेत. कोंडवाडेही आहेत. रुग्णवाहिका मात्र ‘सार्वजनिक आरोग्य’ या शब्दांत असेल तर असेल. मोकाट गुरांची सोय नाव घेऊन केली आणि माणसांची मोघम, असं म्हणायचा मोह होतो. पण 1992 मध्ये 74 वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा 108 हा क्रमांकच देशात नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं.

जाता जाता: आमच्या गावचा वैकुंठरथ वर्षानुवर्षं न चुकता चालतो आहे. त्याला घाई नसते, शिकलेला मदतनीस लागत नाही आणि दात्याचं नाव वाचायला भरपूर माणसं सोबत चालत असतात.

ठेक्याचं काय? ठेकेदार वाईट आणि पालिका चांगली, अशी मांडणी आम्ही करणार नाही. आमच्या पालिकेचा पाणीपुरवठा आम्ही रोज अनुभवतो. 108 ही कल्पनाच सरकारबाहेर जन्मली. 15 ऑगस्ट 2005 रोजी हैदराबादेत सत्यम कंपनीच्या रामलिंग राजू यांच्या पुढाकारातून ती उभी राहिली आणि बघता बघता इतर राज्यांनी उचलली. गोव्यात ती 2008 मध्ये आली. मग जानेवारी 2009 मध्ये सत्यमच्या हिशेबांतला घोटाळा राजूंनी स्वतःच कबूल केला आणि एका कंपनीच्या ताळेबंदाबरोबर लाखो लोकांची तातडीची सेवाही टांगणीला लागली. ती थांबली नाही, कारण खर्चाचा मोठा भाग तोवर सरकारी तिजोरीतून येत होता आणि पुढे जीव्हीके समूहाने व्यवस्थापन हाती घेतलं. चालवणारा बदलला तरी पैसा देणारा पक्का असेल तर गाडी निघते. उलट घडलं, तर उत्तम चालवणाराही तिसऱ्या महिन्यात हात टेकतो. गावोगावच्या ट्रस्टना हे सांगायला नको. नाणीजच्या संस्थानासारखी मागे मोठा भक्तसमुदाय असलेली संस्था महामार्गांवर मोफत रुग्णवाहिका चालवू शकते, पण प्रत्येक गावाच्या वाट्याला असं संस्थान येत नाही.

याहून बोलकी गोष्ट अमेरिकेतल्या पिट्सबर्गची आहे. साठच्या दशकात तिथे आजारी माणसाला बहुधा पोलिसांच्या गाडीतून नेत. मागे झोपवायचं आणि गाडी हाणायची. 1966 च्या नोव्हेंबरात शहराचे माजी महापौर आणि राज्याचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स सभेत कोसळले. त्यांच्याही नशिबी तीच गाडी आली आणि ते वाचले नाहीत. त्याच शहरात पीटर सफार हे भूलतज्ज्ञ होते, आज शाळाशाळांत शिकवल्या जाणाऱ्या सीपीआरचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. त्यांचं म्हणणं असं की उपचार रुग्णालयाच्या दारात सुरू होऊन उपयोग नाही, ते रस्त्यावरच सुरू झाले पाहिजेत. त्यासाठी माणसं कुठून आणायची? हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्तीतून. ज्यांना शहर ‘कामाला नालायक’ म्हणत होतं, त्या तरुणांना शेकडो तास शिकवून 1967 मध्ये ‘फ्रीडम हाउस’ ही रुग्णवाहिका सेवा उभी झाली. नळी घालणं, सलाईन लावणं, हृदय बंद पडलं तर रस्त्यातच झुंजणं हे सगळं ती मुलं करू लागली. अमेरिकेतल्या पॅरामेडिक व्यवस्थेच्या आरंभीच्या इतिहासात त्यांचं नाव घेतलं जातं.

शहराने त्यांना काम दिलं, पैसे देताना मात्र हात आखडता घेतला. श्रीमंत वस्त्या कुरकुरू लागल्या की ही सेवा त्यांना का नाही, म्हणून 1975 मध्ये महापौर पीट फ्लॅहर्टी यांच्या कारभारात शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद झालं. शहराने सेवा आपल्या अंगावर घेतली हे तत्त्वतः बरोबरच होतं. पण नव्या व्यवस्थेत जुन्यांपैकी अनेकांना टिकू दिलं गेलं नाही. आठ वर्षांत कमावलेली हातोटी फायलीबरोबर वर्ग होत नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असूनही त्याची पर्वा केली गेली नाही.

आपल्याकडे ठेका बदलला की हेच होतं. बोगद्यात पाणी साचलं तर कुठून वळायचं, कुठल्या वाडीत गाडी शिरत नाही, कोणत्या डॉक्टरांना मध्यरात्री उठवता येतं, हे ज्याला पाठ आहे तो कंत्राटी चालक नव्या एजन्सीच्या यादीत नसतो. असला तरी थकलेला पगार मागत आंदोलनाच्या मंडपात बसलेला असतो. आणि गावात बारावी झालेली, पोलीस भरतीच्या नादाने पहाटे धावणारी, काम शोधणारी मुलंमुली आहेतच. त्यांच्यातल्या आठ जणांना नीट शिकवलं तर गावाची गरज भागते. हिल डिस्ट्रिक्टला जे जमलं ते आम्हांला जमणार नाही, असं मानायला आम्ही तयार नाही.

लोकांकडून भाडं घ्यावं का, यावर मात्र आमच्या संपादक मंडळातच एकमत नाही. मुंबईत 2005 मध्ये सुरू झालेल्या 1298 सेवेने एक वाट दाखवली होती: महागड्या रुग्णालयात जाणाऱ्याकडून जास्त, सरकारी रुग्णालयात जाणाऱ्याकडून कमी किंवा काहीच नाही. युक्ती चांगली आहे, पण आमच्या गावात महागडं रुग्णालय किती आणि गावाबाहेर नेणाऱ्याची ऐपत गाडीत बसता बसता कोण तपासणार? आमच्यातले बहुसंख्य फुकटच्या बाजूचे आहेत. सिव्हिलला जाणारं रेफरल फुकट ठेवून घरी परत सोडण्याचं भाडं घ्यावं, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं आहे आणि ते अगदीच टाकाऊ नाही.

पैसा नाही, ही सबब मात्र चालणार नाही. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यातली सरकारी रुग्णालयं एकामागून एक परत पाठवत राहिली. त्यावरच्या 1996 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही सबब चालणार नाही हे स्पष्ट सांगितलं आणि उपकरणं व माणसं असलेल्या रुग्णवाहिकेची व्यवस्थाही त्यात मोजली. निकाल राज्य सरकारांना उद्देशून होता हे खरं. पण आपली गाडी पाच वर्षं आवारात सडवून ‘ते राज्याचं काम’ म्हणणाऱ्या पालिकेला त्याआड लपता येऊ नये.

बहुतेक नगरपरिषदांवर काही वर्षं प्रशासक होते. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये कान टोचल्यावर निवडणुकांची वाट मोकळी झाली, आरक्षणाच्या सोडतींवरून कट्टे गरम झाले. फराळाच्या निमित्ताने राजकीय मंडळी दारात येतील आणि त्यांपैकी किमान दोघे-तिघे नव्या रुग्णवाहिकेचं आश्वासन देतील. त्यांना चकली द्यावी आणि विचारावं: आठ जणांचे पगार कोणत्या लेखाशीर्षातून? सभागृहापुढे अंदाजपत्रक येईल तेव्हा त्यात रुग्णवाहिकेची ओळ असेल का, आणि तिच्यापुढचा आकडा दरवर्षी येणार की याच वर्षी? फोन कधी आला, गाडी कधी निघाली, पेशंटजवळ कधी पोचली, या तीन वेळा लिहिलेलं लॉगबुक महिन्याच्या महिन्याला पालिकेच्या फलकावर लागेल का? चालवणारा कोणीही असो, या तीन वेळा लावायची ज्याची तयारी नाही, त्याला ठेकाही नको आणि कौतुकही नको.

आणि आवारात उभ्या असलेल्या गाडीला टायर बसवायला अंदाजपत्रकाची वाट पाहायची गरज नाही. तो खर्च पालिकेला आजही करता येतो.