धाप लागली की 'अशक्तपणा'च का?

महाड तालुक्यातलं दासगाव. एका बाजूला सावित्रीची खाडी, मधून मुंबई-गोवा महामार्ग आणि पाठीशी डोंगर. इथल्या वाड्यांवरच्या बायकांना चढ काही नवा नाही. लाकडाची मोळी, शेताची वाट, सगळं चढउताराचंच. अशी एखादी म्हणाली, "हल्ली चढताना धाप लागते," तर उत्तरं ठरलेली. "अशक्तपणा असेल." "वय झालं आता." "वजन वाढलंय, जरा कमी खा." मग मेडिकलमधून टॉनिकची बाटली येते. आणि हे एकट्या दासगावचं नाही. चिपळूण, कराड, सांगोला, कुठेही जा, बाटली तीच!

धाप लागायची कारणं बरीच असतात. रक्त कमी असणं हे आपल्याकडचं नेहमीचं कारण, त्याचीही तपासणी हवीच. पण कधी कधी हृदय थकलेलं असतं, आणि ते ओळखायला मदत करणारी रक्ताची तपासणी आज आहे. माझं म्हणणं एवढंच की ही तपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आली पाहिजे, आणि ती बायकांच्या वाट्यालाही आली पाहिजे.

हृदयाचं गाऱ्हाणं

हृदय म्हणजे नुसता पंप, असं आपण शाळेत शिकलो. पण १९८१ साली कॅनडातल्या अडोल्फो डी बोल्ड यांनी दाखवलं, की हृदयातून एक हार्मोनही पाझरतं. त्याचंच भावंड १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत सापडलं. म्हणून त्याच्या नावात 'ब्रेन' आला, बीएनपी. पुढे कळलं की ते मुख्यतः हृदयातच तयार होतं. नाव मात्र मेंदूचं ते मेंदूचंच राहिलं!

हृदयाच्या भिंतीवर ताण आला की हे हार्मोन रक्तात उतरतं. मूत्रपिंडाला सांगतं, मीठ-पाणी बाहेर टाक. रक्तवाहिन्यांना सांगतं, जरा सैल व्हा. म्हणजे हृदय आपलं गाऱ्हाणं रक्तात लिहून ठेवतं. प्रश्न फक्त वाचण्याचा.

आणि ते वाचणं सोपं नाही. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग करा, त्यातले शंभरेक भाग एक मिलीलिटर रक्तात शोधायचे! तेही हजारो इतर प्रथिनांच्या गर्दीत. जत्रेत चुकलेलं एक मूल हुडकावं तसं. हे काम करतात प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी. कुलपाला जशी त्याचीच किल्ली, तशी ही आपल्याच हार्मोनला धरतात. तपासणीत दोन प्रतिपिंडं लागतात. एक हार्मोनला एका बाजूने धरून ठेवतं, दुसरं दुसऱ्या बाजूने धरून खूण दाखवतं. पकड ढिली असेल तर थोडंसं हार्मोन निसटून जातं आणि आजार नजरेआड राहतो. म्हणून घट्ट पकडीची प्रतिपिंडं घडवण्यावर शास्त्रज्ञ इतकी मेहनत घेतात. प्रतिपिंडाच्या जनुकात बारीक बारीक बदल करून त्याचे असंख्य नमुने तयार करायचे आणि त्यातले जे सोडत नाहीत तेवढे निवडायचे. आपण बियाणं निवडतो ना, तसंच. प्रतिपिंडं अशी निवडण्याच्या एका पद्धतीला २०१८ चं नोबेलही मिळालं.

महाडने पाहिलेलं हृदय

हे सगळं परदेशातलं, आपला काय संबंध, असं म्हणू नका. हृदय थकतं म्हणजे काय, हे महाडने जगाला दाखवलंय. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेली माणसं, लहान मुलं तिथे यायची. घाम, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी आणि मृत्यू. विंचवाचं विष हृदयावर ताण आणून त्याला निकामी करतं, हे त्यांनी रुग्णाच्या खाटेशी रात्र-रात्र बसून टिपलं. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरलं. १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. शंभरात चाळीसच्या घरातले मृत्यू एकावर आले. पुढे २०११ मध्ये डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दांपत्याने दाखवलं, की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची लस दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. ही लस म्हणजे काय? घोड्याच्या रक्तातून काढलेली, विषाला धरणारी प्रतिपिंडंच की! २०२२ मध्ये डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. मोठं ज्ञान मुंबईतच तयार होतं आणि खेड्यात फक्त पोचवायचं असतं, या समजुतीला महाडनेच छेद दिलाय.

निश्चय किटसारखं

आता मैत्रिणींनो, एक घरातली गोष्ट. पाळी चुकली की आशाताई पिशवीतून 'निश्चय' किट काढते. लघवीचे दोन-तीन थेंब, पाच मिनिटं, दोन रेघा! ती रेघ उमटते कशी? गरोदरपणाच्या हार्मोनला धरणाऱ्या प्रतिपिंडांमुळे. एके काळी याच तपासणीसाठी बेडूक आणि ससे लागायचे. आज ती पट्टी वाडीवर पोचली. मग हृदयाच्या हार्मोनची तपासणी तालुक्यापर्यंत का येऊ नये? बोटाएवढ्या पट्टीवर ती होऊ शकते, पण अजून बहुतेक ठिकाणी ती शहरातल्या लॅबमध्ये आणि साध्या रक्ततपासणीच्या कितीतरी पट महाग आहे.

तिची गरज कुणाला? बाळंतिणीला, सगळ्यांत आधी. दिवस भरत आले असताना किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत काही जणींचं हृदय अचानक कमजोर होतं. पाय सुजतात, आडवं झालं की गुदमरतं. पण पाय सुजणं, दमणं हे गरोदरपणात सगळ्यांनाच होतं म्हणून कुणी लक्ष देत नाही. कुणाला लहानपणी घसा धरून, सांधे दुखून ताप आलेला असतो, त्यात हृदयाची झडप खराब झालेली असते आणि ते कळतं थेट गरोदरपणी. आशाताई बाळंतिणीकडे बेचाळीस दिवस फेऱ्या मारतेच. तिने बाळाच्या वजनाबरोबर आईला दोन प्रश्न विचारावेत: "रात्री उशा वाढवून झोपावं लागतं का? पायावर सूज आहे का?"

तपासणी म्हणजे देवाचा कौल नव्हे, हेही सांगायला हवं. वय जास्त असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आकडा वाढतो. अंगाने जाड असलेल्या बाईत तो कमी दिसू शकतो. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, ईसीजी, टू-डी एको यांना पर्याय नाही. पण आकडा अगदी कमी आला तर धाप हृदयामुळे असण्याची शक्यता बरीच कमी होते. दासगावहून मुंबई-पुण्याला एकोसाठी जायचं म्हणजे गाडीभाडं, सोबतच्या माणसाचा खाडा, घरी पोरांची आबाळ. कुणाला ताबडतोब न्यायचं आणि कुणाचा फेरा वाचवायचा, हे तालुक्यातच ठरलं तर किती बायका वेळेत पोचतील! कारण खर्चाचा प्रश्न आला की घरात पहिली थांबते ती बाईचीच तपासणी.

म्हणून ग्रामसभेत, महिला मंडळात, बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढा. ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी मिळते का, नसेल तर कधी मिळेल, लेखी विचारा. आणि तोवर, कुणी धाप लागते म्हणाली तर टॉनिकची बाटली हातात देऊ नका. आधी तिला डॉक्टरांकडे न्या.