दुपट्यावरचा रंग

बाळ पिवळे दिसले की 'कोवळ्या उन्हात धरा' हा सल्ला पारनेर तालुक्यात आजही घरोघरी मिळतो. बहुतेकदा कावीळ ओसरतेही. पण दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे, लघवी गडद आणि शी खडूसारखी पांढुरकी असेल, तर पित्तनलिका बुजलेली असू शकते. तिथे ऊन कामाचे नाही.

दोष आईच्या पथ्याचाही नाही. अशीच कावीळ आणणारा 'अलाजील'सारखा विकार जनुकांतून येतो. पित्तनलिका बुजण्याचा आजार मात्र सहसा आनुवंशिक नसतो. विषाणूंवर संशय आहे. ऑस्ट्रेलियात दुष्काळात धरणाच्या उघड्या पडलेल्या काठावरचे तण खाल्लेल्या गाभण मेंढ्यांची कोकरे अशाच आजाराने दगावली. त्याला कारण ठरलेले तणातले विष २०१५मध्ये ओळखले गेले. माणसात तसा पुरावा नाही, पण मेंढ्या आणि दुष्काळ दोन्ही ओळखणाऱ्या तालुक्याला ही गोष्ट परकी वाटू नये.

जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी बुजलेल्या पित्तनलिकेवर शोधलेली शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांत झाली तर यशाची शक्यता अधिक. आशाताई ४२व्या दिवसापर्यंत घरी येतातच. तैवानने २००४पासून देशभर पालकांच्या हाती शीच्या रंगांचे कार्ड दिले. तसे कार्ड प्रत्येक आशाताईच्या पिशवीत हवे. तोवर एवढेच करा : दुपटे धुण्याआधी उजेडात धरून पाहा.