दुसरं मत म्हणजे अविश्वास नव्हे

घरातल्या माणसाला ऑपरेशन सांगितलं, की आपण साताऱ्याला नाहीतर पुण्याला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून येतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मग घरचा कुत्रा चार दिवस जेवत नाही, औषधानं उतार पडत नाही, तेव्हा आपण का अडखळतो? ‘डॉक्टरांना काय वाटेल?’ आणि ‘कुत्र्यावर एवढा खर्च?’ या दोन प्रश्नांपुढे घरातली बाई गप्प बसते. खरं तर त्याचं खाणंपिणं, दुखणंखुपणं बहुतेक वेळा तीच बघत असते.

आमच्या महाबळेश्वरात तिसरी अडचण अंतराची. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशींसाठी उभे राहिले. एक्स-रे, सोनोग्राफी सगळीकडे कुठली असायला? मग लक्षणं पाहूनच औषध द्यावं लागतं. यात डॉक्टरांचा दोष नाही. पण आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. घाट उतरून वाईमार्गे तिथं जाता येतं, हे किती जणींना ठाऊक आहे?

इथं पैशापेक्षा वेळ मोलाची. रतन टाटांनी आपल्या कुत्र्याला सांध्याच्या उपचारासाठी थेट अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात नेलं होतं; तरीही उशीर झालाच. त्याच अनुभवातून २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. टाटांचं असं झालं, तिथं आपण किती थांबायचं?

तेव्हा मैत्रिणींनो, पहिल्या डॉक्टरांनाच मोकळेपणानं सांगा, ‘आणखी एकदा दाखवून येते, कागद द्या.’ औषधांची चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट, लसींचं कार्ड सोबत घ्या. दुखणं कधी सुरू झालं, काय खाल्लं, किती उलट्या झाल्या, ते वहीत लिहून ठेवा. आधीची औषधं नव्या डॉक्टरांपासून लपवू नका. दोन वेदनाशामकं एकत्र गेली तर पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होते. गोचिडीमुळे येणाऱ्या तापाची शंका असेल, तर रक्त तपासायचं का, हे विचारा. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन मात्र मनानं देऊ नका. आणि पिल्लाला उलट्या, रक्ताचे जुलाब सुरू झाले तर दुसऱ्या मताची वाट न पाहता आधी जवळचा दवाखाना गाठा.

माझ्या मते तालुक्याच्या दवाखान्यात निदान रक्ततपासणीची सोय हवी, ही मागणी आपणच लावून धरायला हवी. मुक्या जिवाला आपलं दुखणं सांगता येत नाही. त्याच्या वतीनं दोनदा विचारलं, तर त्यात लाज कसली?