टँकर का आला नाही, हे रेडिओनं विचारायचं नाही?

सामुदायिक रेडिओला बातम्यांची मुभा दिली तर गावोगाव भांडणं पेटतील, असं बंदीचे समर्थक सांगतात. २००६ साली स्वयंसेवी संस्थांना रेडिओ केंद्रं काढू देणाऱ्या धोरणातच ही बंदी आहे. बातम्या नकोत, चालू घडामोडी नकोत, राजकीय स्वरूपाचं तर काहीच नको. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून ऐकवावं, एवढीच सवलत पुढे मिळाली.

या बंदीचा गावात काय अर्थ होतो ते पाहा. पाणी, वीज, हवामान, साथरोग यांबद्दल प्रशासनानं दिलेली सूचना केंद्राला वाचता येते. म्हणजे एप्रिल महिन्यात माण तालुक्यासारख्या दुष्काळी भागात 'उद्या सकाळी वाडीवर टँकर येईल' हे सांगायला हरकत नाही. बायका हंडे-कळश्या रांगेत लावून बसतात. दुपार टळते, टँकर येत नाही. संध्याकाळी त्यांच्यातली एखादी फोनवरून विचारते, की कागदावर दोन खेपा दिसतात, मग पाणी गेलं कुठं? हा प्रश्न चालू घडामोडींत मोडेल आणि परवाना अडचणीत येईल, या धास्तीनं निवेदिका फोन ठेवते आणि गाणं लावते. सूचना ऐकण्याचा हक्क त्या बाईला आहे, ती खोटी ठरली हे सांगण्याचा नाही. मला ही गोष्ट अन्यायाची वाटते.

अफवांची भीती खरी आहे. पण अफवा आज रेडिओवरून पसरत नाहीत. त्या व्हॉट्सअॅपवरून येतात, पाठवणाऱ्याचा पत्ता लागत नाही. उलट सामुदायिक केंद्राला प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावं लागतं. कोण काय बोललं याचा इतका पक्का पुरावा गावात दुसरीकडे कुठं मिळणार? आणि शंभर वॅटचं हे प्रक्षेपण जातं साधारण दहा-पंधरा किलोमीटर. शेकडो वृत्तवाहिन्यांना देशभर रात्रंदिवस वाद घालू देणाऱ्या सरकारला याच आवाजाची धास्ती का वाटावी?

गावपुढारी केंद्र ताब्यात घेतील, हा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. बरीच केंद्रं शिक्षणसंस्थांच्या आवारात आहेत आणि संस्थाचालक कोण असतात, हे महाराष्ट्राला सांगायला नको. पण बंदीनं पुढाऱ्याचं काय बिघडतं? त्याचे सत्कार-समारंभ सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून वाजू शकतात, अडतो तो प्रश्न विचारणारा. त्यावर उपाय नियमांचा आहे. तक्रार प्रसारित झाली की ग्रामसेवकाला, ठेकेदाराला त्याच कार्यक्रमात उत्तराची संधी द्यावी, निवडणुकीच्या काळात सर्व उमेदवारांना सारखा वेळ द्यावा आणि देखरेख समितीत बचतगटाच्या बायका असाव्यात.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ सालीच सांगितलं. त्या खंडपीठात आपले न्या. पी. बी. सावंत होते. २०२३ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणानं खासगी एफएमला तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली. जाहिरातींवर चालणाऱ्या शहरी केंद्रांसाठी हा विचार होऊ शकतो, तर म्हसवडच्या 'माणदेशी तरंग'सारख्या सामुदायिक केंद्रांसाठीही व्हायला हवा. दिल्लीची बातमी त्यांनी देऊ नये, असं हवं तर ठरवा. पण आपल्या प्रक्षेपणाच्या टप्प्यातली ग्रामसभा, रेशन दुकान, आरोग्य उपकेंद्र आणि टँकरच्या खेपा यांवर बोलण्याची लेखी परवानगी येत्या उन्हाळ्याआधी द्या.